मुंगसाचं अनेकवचन

(दृश्य : भर दुपार. चिऱ्यांचा गडगा, पलीकडे माडाची बाग.)

गडग्याच्या भोकातून आधी नाक बाहेर येतं. मग लांबट अंग, आणि जवळजवळ तेवढीच लांब शेपूट. मागच्या पायांवर उभं राहून एकदा इकडेतिकडे बघायचं, की सुर्रकन पाणंदीपलीकडे. मुंगूस आडवं गेलं की काम होतं म्हणतात.

इंग्रजीच्या तासाला मात्र हेच मुंगूस मुलांना अडवतं. 'गूस'चं अनेकवचन 'गीस', मग 'मॉन्गूस'चं 'मॉन्गीस' का नाही? 'मॉन्गूसेस' कशासाठी?

कारण त्या शब्दात पक्षी नाहीच. तो आपला मुंगूस आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670च्या दशकात मुंबई, सुरत, कारवार, गोवा असा हिंडला. त्याचं प्रवासवर्णन 1698मध्ये लंडनला छापलं गेलं, आणि त्यात हा प्राणी आहे. कानडीत मुंगुसी, तेलुगूत मुंगिस, म्हणजे मूळ आणखी दक्षिणेला असू शकेल. पण इंग्रजी कोश नाव घेतात ते मराठीचंच. मधे पोर्तुगिजांचा हात लागला असावा. शेवटचं 'गूस' हे इंग्रजी कानाचं काम. अनोळखी आवाजात ओळखीचा पक्षी ऐकू आला, स्पेलिंग तसंच पडलं.

(दृश्य : अर्नाळ्याचा किनारा. बांबूंवर ताणलेल्या दोऱ्या.)

इथे तर माशाचंच बदक झालं. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. कोळणींचे हात बोलताबोलता हे काम करतात. ओला बोंबील नुसता पाण्याचा. उन्हात सुकून कडक झाला की त्याला इंग्रजी नाव मिळतं, 'बॉम्बे डक'.

ह्याची एक गोष्ट फोनवरून फोनवर फिरत असते. सुके बोंबील टपालाच्या रेल्वेगाडीने जात, डब्याला वास मारी, म्हणून 'बॉम्बे डाक', आणि 'डाक'चं 'डक'. गोष्ट खमंग आहे, पण तारखा जुळत नाहीत. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 16 एप्रिल 1853 रोजी, आणि हे नाव त्याच्या कितीतरी आधीच्या इंग्रजी लिखाणात सापडतं. जुन्या कोशांत ह्याच माशाला 'बमेलो' असाही शब्द आहे. तो मात्र सरळ 'बोंबील'वरून आला.

(दृश्य : विजयदुर्गाचा तट, खाली खाडी.)

कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराबद्दल इंग्रजांनी जे लिहिलं, त्यात दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात : 'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हॅट'. हिसकावणं म्हणजे 'ग्रॅब', तेव्हा जहाजं हिसकावणाऱ्यांच्या जहाजाचं नावही त्यावरूनच पडलं असेल, असं कुणालाही वाटेल. दोन्हींचा काही संबंध नाही. क्रियापद युरोपातलं. जहाज म्हणजे आपली गुराब. शब्द अरबी 'घुराब'वरून, ज्याचा अर्थ कावळा. 'गॅलिव्हॅट' म्हणजे गलबत. गुराबेला दोन-तीन डोलकाठ्या आणि तोफा. गलबत लहान, वल्ह्यांचं, वारा पडला की गुराबेला ओढून नेणारं. फेब्रुवारी 1756मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार ह्याच खाडीत जळालं.

आता एवढं कळल्यावर सगळंच आपलं म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा. 'कॉयर' आणि 'जॅकफ्रूट'मधला 'जॅक' हे मलबारचे, मल्याळममधून पोर्तुगिजांमार्फत गेलेले. आपण काथ्या वळतो, फणसाची साटं घालतो, शब्द मात्र त्यांचे.

काजूचं तर आणखी वेगळंच. झाड ब्राझीलचं, नाव तिथल्या तुपी भाषेतलं, 'अकाजू'. पोर्तुगिजांनी झाड आणलं आणि त्याबरोबर नावही. कोकणात त्याचा 'काजू' झाला, इंग्रजीत 'कॅश्यू'. वेंगुर्ल्याच्या बागेत बी भाजणाऱ्या बाईला विचारलं तर ती काजू गावठीच आहे म्हणून सांगेल.