दाइगाकु की ताइगाकु?

श्रोतेहो, नमस्कार. जपानी भाषेत विद्यापीठाला 'दाइगाकु' म्हणतात आणि शिक्षण अर्ध्यावर सोडण्याला 'ताइगाकु'. जपानी शिकू लागलेला कोरियन विद्यार्थी पहिला शब्द उच्चारायला जातो आणि ऐकणाऱ्याच्या कानावर पुष्कळदा दुसराच पडतो. गंमत अशी, की 'मी' या अर्थाचा 'वाताशि' हा शब्द मात्र तोच विद्यार्थी 'वादाशि' असा उच्चारतो.

ही अडचण निष्काळजीपणाची नव्हे. कोरियन भाषेत शब्दारंभी घोष-अघोष, म्हणजे 'द' आणि 'त' यांत असतो तसा, भेदच नाही. तिथे साधे, ताणलेले आणि 'थ'-'फ'सारखे हकारयुक्त, म्हणजे महाप्राण, असे व्यंजनांचे तीन प्रकार आहेत आणि तिन्ही अघोष. साधा 'पुल' म्हणजे आग, ताणलेला म्हणजे शिंग आणि महाप्राण म्हणजे गवत. यांतले साधे व्यंजन दोन स्वरांच्या मध्ये आले की आपोआप घोष होते, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. बुसान शहराचे नाव रोमन लिपीत पूर्वी 'पी'ने लिहीत आणि 2000 सालापासून 'बी'ने लिहितात, ते याच संदिग्धतेमुळे. शिवाय आपल्या 'जागा'मधल्या 'ज'जवळचा जपानी ध्वनी कोरियन भाषेत नसल्याने तिथे 'जय'मधला 'ज' येतो.

लांबीचा प्रश्न याहून चिवट आहे. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, तर 'बा' लांबवला की आजी. 'किते' म्हणजे 'ये', आणि 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. सोलच्या तरुण पिढीच्या बोलण्यातून स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद जवळजवळ गेलेला आहे. जपानी कान अक्षरे नव्हे, मात्रा मोजतो: शाळेसाठीच्या 'गाक्कोओ' या शब्दात त्याला चार मात्रा ऐकू येतात, तर कोरियन कानाला दोनच अक्षरे. जोडाक्षरापूर्वीच्या लघूला गुरू मानून मात्रावृत्ते मोजणाऱ्या मराठी माणसाला हा हिशेब ओळखीचा वाटावा.

या भेदांनी एकदा माणसांचे जीवही घेतले आहेत. 1 सप्टेंबर 1923 च्या, तोक्यो परिसरातल्या कांतो भूकंपानंतर कोरियन लोकांविषयी अफवा पसरल्या, आणि रस्त्यांवर पहारा देणाऱ्या टोळ्या संशयिताला 'पंधरा येन पन्नास सेन' हे शब्द म्हणायला लावत. जपानीत ते 'जूगोएन गोजिस्सेन' असे होतात: आरंभी घोष 'ज', मग दीर्घ 'ऊ', पुढच्या शब्दाच्या आरंभी पुन्हा घोष 'ग', आणि शेवटाकडे द्वित्व 'स्स'.