मोगलाईत चाललेय

नमस्कार श्रोतेहो.

माझी आजी तुळजापूरला निघाली की शेजारणीला सांगायची, "मोगलाईत चाललेय बाई, दिवेलागणीला येते." ही १९६८-७० सालची गोष्ट. मी शाळेत होतो. हैदराबादच्या निजामाचं राज्य जाऊन वीस वर्षं झाली होती आणि एसटी सरळ तुळजापुरात नेऊन सोडत होती. तरी तामलवाडी आली की आजी कनवटीचे पैसे एकदा चाचपून बघायची. का, ते मला फार उशिरा कळलं. तिच्या तरुणपणी तिथून पुढं नाणं बदलायचं. सोलापुरात इंग्रजांचा कळदार रुपया, पलीकडं निजामाचा, चारमिनारचं चित्र असलेला हाली सिक्का. शंभर कळदार मोजले की एकशे सोळा-सतरा हाली हातात यायचे, आणि त्या मोजणीत बाईमाणसाला फसवणारे पुष्कळ असायचे. वाटेत करोडगिरीचा नाका. निजामाच्या जकातीला करोडगिरी म्हणत. देवीला न्यायचं नवं लुगडंसुद्धा गाठोडं सोडून दाखवायला लागायचं, असं ती सांगे.

गंमत बघा, मोगल तर केव्हाच गेले होते. निजाम मुळात दिल्लीच्या बादशहाचा दख्खनचा सुभेदार. १७२४ पासून तो स्वतंत्र वागायला लागला. पण आपल्या लोकांनी त्याच्या मुलखाला शेवटपर्यंत मोगलाईच म्हटलं. राज्यं बदलतात त्या वेगानं माणसांच्या तोंडातले शब्द बदलत नाहीत.

मी आयुष्यभर अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवलं. सगळ्यात अवघड धडा पहिलाच असायचा. राज्य म्हणजे काय, राष्ट्र म्हणजे काय, सार्वभौमत्व म्हणजे काय. मुलाला उभं करून विचारायचं, "राज्य म्हणजे काय रे?" तो म्हणायचा, "सर, महाराष्ट्र." वर्ग हसायचा. पण त्याचं काय चुकलं? मराठीनंच घोटाळा करून ठेवलाय. पुस्तकात राज्य म्हणजे भारत, जपान, फ्रान्स. पेपरात राज्य म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक. त्यात महाराष्ट्राच्या नावातच 'राष्ट्र' बसलेलं. आणि देश? कोकणातल्या माणसाला विचारा, घाट चढून आलं की देश लागतो. त्याच्या हिशोबानं आपण सोलापूरकर 'देशावरचे'. एकाच शब्दात सह्याद्रीच्या अलीकडचं पठारही बसतं आणि काश्मीर ते कन्याकुमारीही.

आंतरराष्ट्रीय कायद्यात याची एक सोपी कसोटी आहे. १९३३ च्या डिसेंबरात उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात अमेरिका खंडातल्या देशांनी एक करार केला. राज्य म्हणवून घ्यायला चार गोष्टी हव्यात, असं त्यात म्हटलंय. कायम राहणारी माणसं, ठरलेला भूप्रदेश, सरकार, आणि इतर राज्यांशी स्वतः व्यवहार करण्याची ताकद. आपल्या कौटिल्यानं राज्याची सात अंगं सांगितली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. मला यातले दोन शब्द फार आवडतात. एक जनपद, ज्यात जमीन आणि त्यावरची माणसं एकाच शब्दात आली. दुसरा मित्र. माँटेव्हिडिओच्या करारात जे चौथ्या नंबरवर आहे, त्याचा विचार आपल्याकडं फार आधी झाला होता. तुम्ही कितीही म्हणा मी राजा. शेजारच्यांनी तसं वागवलं नाही तर गाडं अडतं.

आकाराचा मात्र यात काही संबंध नाही. पोपचं व्हॅटिकन हे राज्य जेमतेम एकशे दहा एकरांचं. सीलिंगचा कायदा येण्याआधी आपल्याकडं एकेका पाटलाची जमीन याहून जास्त असायची. पण पाटील पाटीलच राहिले, आणि १९२९ च्या करारानंतर व्हॅटिकन राज्य झालं.

आता ही कसोटी आपल्या गावाला लावून बघू. १९३० चा मे महिना. गांधीजींच्या अटकेची बातमी आली, मिरवणुका निघाल्या, ८ तारखेला गोळीबार झाला, लोक खवळले, चौक्या जळल्या. त्यानंतरचे तीन-चार दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य चालत नव्हतं. पोलीस रस्त्यावर नव्हते आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रहदारी सांभाळत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. मग डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी माणूस गजाआड. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांपाशी आपण रोज सिग्नलला थांबतो, ते हे चौघे.

वर्गात मी विचारायचो, त्या तीन-चार दिवसांत सोलापूर हे राज्य होतं का? माणसं होती. जमीन होती. एक प्रकारची व्यवस्थाही होती. पोरं तावातावानं "होय की ओ सर!" म्हणायची. मला ते उत्तर खोडायचं जिवावर यायचं, पण खोडावं लागे. कायम टिकणारी सत्ता नव्हती, आणि सोलापूरचं वेगळं राज्य करायचंय असं तिथल्या कुणाच्या मनातही नव्हतं. त्यांना सगळा हिंदुस्थान मोकळा करायचा होता. इथं राज्य नसलं तरी राष्ट्र होतं. चौघांची नावं पुन्हा एकदा ऐका. लिंगायत, मुसलमान, मारवाडी, मराठा. एर्नेस्ट रेनाँ नावाच्या फ्रेंच विचारवंतानं १८८२ च्या एका व्याख्यानात म्हटलं होतं की राष्ट्र म्हणजे रोज घेतलं जाणारं सार्वमत. सोलापुरात ते एकदा रक्तानं घेतलं गेलं.

राष्ट्र ही भावना, राज्य ही यंत्रणा. दोन्ही एकाच जागी असतील असं नाही. कुर्द लोक तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया अशा चार राज्यांत वाटले गेलेत; राष्ट्र म्हणावं तर आहे, राज्य नाही. म्हणून 'संयुक्त राष्ट्रे' हे नावच मला फसवं वाटतं. तिथं १९३ सभासद आहेत, ती सगळी राज्यं. कुर्दांना तिथं खुर्ची नाही. उलट आपलं सोलापूर घ्या. पूर्वभागात तेलुगू, बाजारात कन्नड, नई जिंदगी भागात उर्दू, आणि मराठी सगळीकडं, तीसुद्धा या तिघींच्या हेलात. पद्मशाली विणकर निजामाच्या तेलंगणातून इथं गिरण्यांत आणि मागावर आले, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आले. त्यांची नातवंडं आज आषाढी वारीत पाणी वाटतात.

वारीचंच घ्या ना. एकनाथ महाराजांची पालखी पैठणहून निघते. पैठण निजामाचं, पंढरपूर इंग्रजांचं. पालखी दोन सरकारांची हद्द ओलांडून यायची आणि वारकऱ्याला वाटायचं, आपण माहेरी आलो. महाराष्ट्र नावाचं राज्य १ मे १९६० ला झालं. त्या पालखीला ते कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

आता निजामाकडं वळतो, कारण कसोटी खरी तिथं लागते. माणसं दीड कोटीच्या वर. स्वतःचं नाणं, टपाल, रेल्वे, फौज. ११ जून १९४७ ला फर्मान काढलं की इंग्रज गेले की आम्ही स्वतंत्र. कागदावर चारातली तीन कलमं पक्की होती. चौथं लंगडं होतं. इंग्रज असेपर्यंत परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती, आणि ते गेल्यावर कुणा मोठ्या राज्यानं हैदराबादला स्वतंत्र म्हणून मान्यता दिली नाही. निजामानं ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रारसुद्धा केली. मला विचाराल तर त्याहून मोठी उणीव वेगळीच होती: आतल्या माणसांना ते राज्य आपलं वाटत नव्हतं. चार कलमांत हे कुठंच लिहिलेलं नाही.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल चौधरींची भारतीय फौज सोलापूरकडून निघाली. पहिली चकमक नळदुर्गला, बोरी नदीच्या पुलासाठी. १७ तारखेला संपलं. आपल्याकडं आजही त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. रणगाडे होते, विमानं होती, तरी पोलीस ॲक्शन! हे नाव मुद्दाम ठेवलेलं. युद्ध म्हटलं की समोरचं वेगळं राज्य होतं असं मान्य केल्यासारखं झालं असतं. पोलीस आपल्याच घरात जातात. २३ तारखेला निजामानं रेडिओवरून भाषण केलं. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, काळात आणि फौज आल्यानंतरच्या दिवसांतही साध्यासुध्या माणसांनी फार भोगलं. त्यावर एकदा स्वतंत्र बोलायला हवं.

आता सार्वभौमत्व, म्हणजे सगळ्यांच्या वरची सत्ता. मोठा शब्द आहे. मी त्याचा साधा प्रश्न करतो: जमीन दुसऱ्याला देऊन टाकायचा अधिकार कुणाचा?

सिद्धेश्वर तळ्याकाठचा आपला भुईकोट आठवा. सोळाव्या शतकात विजापूरच्या आदिलशहानं आपली बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. हुंडा ठरला सोलापूरचा किल्ला आणि भोवतालचे साडेपाच परगणे. लग्न लागलं, हुंडा काही मिळाला नाही, आणि त्यावरून दोन शाह्या कित्येक वर्षं एकमेकींशी लढल्या. पुढं नगरच्या हुसेन निजामशहानं आपली मुलगी चांदबिबी विजापूरला दिली, तेव्हा हुंड्यात पुन्हा सोलापूर! साडेपाच परगण्यांतल्या कुणब्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला नगरचं व्हायचंय की विजापूरचं. मुलूख म्हणजे घराण्याची मालमत्ता, दागिन्यासारखी. त्याच शतकात, १५७६ साली, तिकडं फ्रान्समध्ये जाँ बोदँ नावाचा विचारवंत सार्वभौमत्वाची व्याख्या लिहीत होता.

हे असे दागिने वाटून वाटून आपल्या भागाचा नकाशा गोधडीसारखा झाला होता. बार्शी तालुका इंग्रजांचा, पण चहूबाजूंनी निजामाचा मुलूख. अक्कलकोट भोसल्यांचं संस्थान, ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. इकडची गावं तिकडं अडकलेली, तिकडची इकडं. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं एक आदेश काढून अशी गावं ज्याच्या पोटात होती त्याला देऊन टाकली. काम झटक्यात झालं.

अगदी हीच गोधडी बंगालमध्ये कूचबिहारला होती. रंगपूरच्या फौजदारानं आणि कूचबिहारच्या राजानं बुद्धिबळात गावं पणाला लावली, अशी तिथं दंतकथा सांगतात. पण तिथं मधून रॅडक्लिफची, म्हणजे फाळणीची, रेघ गेली आणि गावं दोन सार्वभौम राज्यांत पडली. बांगलादेशच्या पोटात भारताचे १११ तुकडे, भारताच्या पोटात त्यांचे ५१. एक तुकडा तर असा होता की बांगलादेशात भारत, त्यात बांगलादेश, आणि त्यात पुन्हा भारत. तिथल्या माणसाला स्वतःच्या देशाच्या तहसिलीत जायला परदेश ओलांडावा लागे. ना शाळा, ना वीज, ना पोलीस. हे मिटायला ३१ जुलै २०१५ ची मध्यरात्र उजाडावी लागली.

आपलं एका आदेशात मिटलं, त्यांना अडुसष्ट वर्षं का लागली? कारण १९६० साली बंगालमधल्या बेरुबारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं होतं की भारताची जमीन परक्या राज्याला द्यायची तर साधा कायदा पुरत नाही, घटनादुरुस्तीच हवी. बेरुबारीचा भाग देण्यासाठी नेहरूंनी पाकिस्तानशी केलेला करारही याला अपवाद नव्हता. त्यासाठी नववी घटनादुरुस्ती झाली, तरी बेरुबारी शेवटपर्यंत भारताकडंच राहिलं. कूचबिहारच्या तुकड्यांसाठी शंभरावी दुरुस्ती करावी लागली, आणि तिथल्या माणसांना कुठलं नागरिकत्व हवं ते विचारलं गेलं. मरियमच्या लग्नात हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

देशातल्या देशात रेघ हलवणं त्या मानानं सोपं. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणं संसद साध्या बहुमतानं घटकराज्याची हद्द बदलू शकते. त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, ते मानलंच पाहिजे असं नाही. महाराष्ट्र-कर्नाटकाचं भांडण महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानं सुटलं नाही, २००४ पासून ते सर्वोच्च न्यायालयात आहे. अक्कलकोटच्या पलीकडं आळंदला सोयरीक करताना मात्र कुणी हा खटला आडवा आणत नाही. हद्द आहे, तंटाही आहे, पण दोन्हीकडं सार्वभौम एकच. म्हणून तिथं पासपोर्टवाला बसत नाही.

आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटीत एक चारमिनारचा रुपया निघाला. वडील तो घेऊन सराफाकडं गेले, मी बरोबर होतो. सराफानं नाणं उलटंसुलटं केलं, काट्यावर टाकलं आणि म्हणाला, "हाली आहे. कळदार असता तर चांदी जरा जास्त भरली असती, मालक."

वडिलांनी ते परत खिशात घातलं. त्या वर्षी कोजागिरीला ते सोलापूरहून चालत तुळजापूरला गेले, रात्रभर, हजारो माणसांच्या रांगेतून. तामलवाडीपाशी चहाला थांबले तेव्हा, सवयीनं म्हणा, त्यांनीही खिसा चाचपून बघितला.

नमस्कार.