पाळण्याशेजारची एदमा

नमस्कार मंडळी. पाळण्यात झोपलेलं बाळ, वरून पांढरी जाळी, आणि शेजारी गालाला हात लावून बसलेली आई, हे चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलं असणारच. बर्थ मोरिझोने 1872 मध्ये काढलेलं, आता पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये असतं. बर्थचं नाव जगभर झालं, पण ती बसलेली आई कोण? तर बर्थची सख्खी बहीण एदमा. आणि ही एदमा स्वतः चित्रकार होती बरं का. परत सांगते, एदमा.

एदमा 1839 ची, बर्थ 1841 ची. पॅरिसच्या सरकारी आर्ट स्कूलचं दार मुलींना उघडलं ते 1897 मध्ये, त्यामुळे या दोघींना घरीच मास्तर लावले. त्यातल्या गिशार मास्तरांनी आईला आधीच सांगून टाकलं, की बाई, या पोरी हौसेपुरतं शिकून थांबणाऱ्या नाहीत, चित्रकार होतील, आणि तुमच्यासारख्या घरात हे म्हणजे संकटच. (असा स्पष्ट बोलणारा मास्तर मिळायला नशीब लागतं, आपल्याकडे चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात आणि इंटरमिजिएट परीक्षा तोंडावर आली की पळापळ. असो.) पुढे दोघी कोरो नावाच्या नावाजलेल्या निसर्गचित्रकाराकडे शिकल्या, 1864 मध्ये दोघींची चित्रं सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात लागली. दोघींची हं, एकटीची नाही.

1869 मध्ये एदमाचं लग्न झालं, नवरा नौदलात, बिऱ्हाड लोरियां बंदरात, आणि पेंटिंग जवळजवळ सुटलंच. तिकडून तिने बर्थला लिहिलं, की मनाने मी तुझ्या स्टुडिओतच असते, पाव तास का होईना तिथे येऊन बसावंसं वाटतं.

आता माझा आवडता किस्सा. त्याच हिवाळ्यात एदमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बर्थने तिला सोफ्यावर बसवलं, पांढरा सैल झगा, शेजारी काळ्या कपड्यात आई पुस्तक वाचतेय, आणि चित्र सुरू केलं. सलोंला पाठवायची तारीख आली तरी बर्थच्या मनात धाकधूक, म्हणून तिने चित्रकार एदुआर मानेला विचारलं. (माने म्हणजे आपले साताऱ्याकडचे माने नव्हेत.) तो दुपारी एकच्या सुमाराला आला, म्हणाला, छान आहे, फक्त झग्याचा खालचा भाग जरा बघायला हवा. आणि ब्रश घेतला की हो हातात! आपण कुणाला म्हणावं, आमटीत मीठ बघ रे जरा, आणि त्याने डबा उघडून मसाला, गूळ, चिंच सगळं ओतावं, अगदी तस्सं. झग्यावरून छातीवर, छातीवरून चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून मागच्या भिंतीवर. मधेमधे जोक मारतोय, हसतोय, पॅलेट बर्थच्या हातात देतोय, परत काढून घेतोय. आई खूश! एवढा मोठा चित्रकार घरी येऊन काम करतोय म्हटल्यावर काय. पाच वाजेपर्यंत हेच. बाहेर चित्र न्यायला हातगाडी उभी, ती काय थांबते, मानेने तसंच चढवायला लावलं.

बर्थ बिचारी कासावीस. स्वतःच्या चित्राचं कार्टून झालं असं तिने पत्रात लिहिलंय, आता ते सलोंने नाकारलं तरच बरं म्हणे. तर 1870 च्या सलोंमध्ये ते लागलं! (न मागता मदत करणाऱ्यांचं मला कायम हेच वाटतं, स्वयंपाकघरात तर येऊच देऊ नये.) आता ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आईच्या काळ्या कपड्यांवर ब्रशचे रुंद फटकारे दिसतात ते मानेचे.

या सगळ्या धांदलीत आपली एदमा पुन्हा मॉडेलच. वेळ संपत आलाय म्हणून एवढंच सांगते, 1865 च्या आसपासचं एक पोर्ट्रेट आहे, नेटवर सापडेल. त्यात पॅलेट आणि ब्रश घेऊन उभी आहे ती बर्थ, आणि काढणारी एदमा. पाळण्याचं चित्र उघडाल तेव्हा हेही शेजारी उघडून बघा.