काळ्या-पांढऱ्यातली माणसं

गोरेगाव. चित्रपटातली दृश्यं संगणकावर जोडणाऱ्या, म्हणजे व्हीएफएक्स करणाऱ्या कलाकारांवरची ही चित्रफीत. त्यांच्या स्टुडिओतल्या खोलीत मुद्दामच अंधार ठेवलाय. बाहेरचा उजेड मॉनिटरवर पडला, की रंगाचा अंदाज चुकतो.

ही नायिका हिरव्या पडद्यासमोर उभी आहे. चित्रपटात ती धावत्या लोकलच्या दारात दिसेल. शॉट पाच सेकंदांचा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १२० चित्रं.

पडदा हिरवाच का? डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल किंवा निळ्याच्या दुप्पट हिरवे बिंदू असतात, त्यामुळे बारकावे हिरव्यात जास्त मिळतात. तो रंग सॉफ्टवेअर काढून टाकतं; हे कीइंग. पण केसांकडे बघा. प्रत्येक बटेला हिरवी झाक आलीये. आणि पदर उडून पडद्याच्याही बाहेर गेलाय. तिथे कीइंग थांबतं आणि रोटो सुरू होतं.

रोटो म्हणजे हातानं कड आखणं. अख्ख्या माणसाभोवती एकच रेघ मारून भागत नाही. दंड वेगळा, मनगट वेगळं, एकेक बोट वेगळं. हात जिथे वळतो ती फ्रेम आधी धरायची, मधल्या नंतर. सीनियर शेजारी येऊन म्हणतात, "कपड्यामागे जाऊ नकोस, सांधा बघ." रेघ जराशी डगमगली, तरी शॉट चालवल्यावर कड थरथरते.

आता मॉनिटरवर तिची फक्त काळी-पांढरी आकृती आहे. पांढरं ठेवायचं, काळं सोडायचं. केसांच्या टोकांना राखाडी, म्हणजे तिथून मागची खाडी थोडी दिसणार. कुठला बिंदू किती झाकतो हे सांगणारा हा आकडा, अल्फा. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एड कॅटमल आणि ऑल्वी रे स्मिथ या संगणकतज्ज्ञांनी तो मांडला. थर एकमेकांवर चढवण्याचं गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये लिहिलं. समोरच्या मॉनिटरवर आत्ता तेच चाललंय.

ही जुनी दृश्यं दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'मधली. बाळकृष्ण झालीये त्यांचीच मुलगी मंदाकिनी. संगणक नव्हता, तेव्हाही पडद्यावरचे चमत्कार फाळके कॅमेऱ्यातून घडवत होते. गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचं नाव आहे, ते योग्यच आहे.

पुन्हा आपला शॉट. आता तो कंपोझिटरकडे, म्हणजे सगळे थर एका चित्रात जुळवणाऱ्या कलाकाराकडे आलाय. या ताई आधी काळा रंग जुळवतात: नायिकेच्या केसातला काळा आणि डब्यातला काळा. मग गालावर सांडलेला हिरवा काढतात, कॅमेऱ्याचं ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक कण, मिसळतात, डब्याचा हेलकावा तिच्या अंगात आणतात. शेवटी चित्र अतोनात उजळून बघतात. सावलीत राहिलेला जोड असा सापडतो.

या कामात बहुतेक जण रोटोतून येतात. मग पेंट, म्हणजे चित्रातलं नको ते पुसणं, मग कंपोझिटिंग. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा व्हीएफएक्स कंपन्यांचा समूह कोसळला आणि मुंबई-बंगळूरमधल्या कलाकारांच्या नोकऱ्या गेल्या.

बाहेरून आलेल्या कामात स्टुडिओच्या वाट्याला श्रेयनामावलीतल्या मोजक्याच जागा येतात. रोटोवाल्यांपर्यंत त्या क्वचितच पोचतात. त्यांनी आखलेली कड पडद्यावर असते, मग नाव का नको? या चित्रफितीत आम्ही सगळ्यांची नावं दिली आहेत, रोटोपासून सुरुवात करून.