घुमटाला ऊन हवं

(बांधावरून रांगेने येणारी माणसं. मागे कापलेल्या भाताचे खुंट.)

जानेवारीतली सकाळ. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं हे शेत आता मोकळं आहे. भात कधीच घरात गेलंय. गावातल्या पोरांनी आठवडाभर खपून जमीन चोपली, शेणाने सारवली, विणलेल्या झावळ्यांचे माटव घातले. तीन दिवस इथे 1961 च्या आधीचं, मुक्तीपूर्वीचं गाव उभं असेल.

आत शिरताना आपल्या नोटा द्यायच्या आणि पुठ्ठ्याची नाणी घ्यायची. सोळा टांगांचा एक रुपीया. 1950 च्या दशकाच्या अखेरीस एस्कुद हे पोर्तुगीज चलन आलं आणि हा हिशेब मागे पडला. वेशीवर बसलेल्या आजींना तो अजून तोंडपाठ आहे. समोरच्या मुलांची बोटं मोजताना अडखळतात, आजींची नाही.

(मुसळ. लाल चौकड्यांचं कापड. चुलीवरचं मडकं.)

कुणबी बायकांनी गुडघ्याखाली जेमतेम पोचणारं लाल चौकड्यांचं कापड नेसलंय, खांद्यावर गाठ मारून. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईला सोयीचं पडावं, असं हे नेसणं. याची विणकाम परंपरा जवळजवळ तुटली होती. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती 2010 च्या सुमारास पुन्हा लोकांसमोर आणली. पलीकडे उकड्या तांदळाची पेज, खोबऱ्याची कातळी आणि चेपणीची तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी. पेजेसाठी सर्वांत लांब रांग लागली आहे.

(भिंतीवरची तांबडी नक्षी. कंपास फिरवणारा हात.)

ही कावी कला. चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा पातळ थर. थर ओला असतानाच टोकदार सळीने खरवडायचं, म्हणजे खालचा पांढरा रंग वर येतो. वाळला की हात थांबवावा लागतो. म्हणून या मुलीने सकाळपासून मान वर केलेली नाही. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात हे काम पाहायला मिळतं. जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा कितीतरी भिंती तैलरंगाखाली आणि फरशीखाली गेल्या.

कुंकळ्ळीचे चितारी, म्हणजे लाकडावर लाखेचं रंगकाम करणारे कारागीर, पाट आणि पाळण्याचे खांब घेऊन आले आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि रंग लाकडाला धरतो.

(चाक. चाकाच्या अगदी जवळून.)

आम्ही मात्र दिवसाचा बराच वेळ या चाकाजवळ थांबलो.

डिचोलीकडचे कुंभार. माती रात्रीच भिजवून आणलेली. आधी ती पायांनी तुडवायची. टाच दाबायची, वळवायची, पुन्हा दाबायची. खडा राहिला तर भट्टीत भांडं तिथेच फुटणार. म्हणून हातात घेऊन, बोटांनी चाचपून, काडी-कचरा वेचत मळणं चालू राहतं. माती तयार झाली हे ते डोळ्यांनी पाहून ठरवत नाहीत. अंगठा रोवतात, काढतात, आणि खळगा तसाच राहतो की नाही ते बघतात.

मग गोळा चाकावर. दोन्ही तळवे ओले. सुरुवातीला साधं मडकंच वर येतंय असं वाटतं. पण याला दोन तोंडं आहेत. एक रुंद, बाहेरून ओठ असलेलं, कारण त्या ओठाखाली दोरी बसायची आहे. दुसरं अरुंद, तेही उघडंच. मधलं पोट फुगीर. अर्धवट सुकल्यावर आतून गुळगुळीत दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने हलके हलके ठोकायचं. भिंत कुठे जाड राहिली तर पुढे आवाज बसका येतो. थापी पडते त्या प्रत्येक ठिकाणी त्यांचा कान लागलेला असतो. वाद्य अजून कच्ची माती आहे आणि त्याचं सूर लावणं सुरू झालंय.

हे घुमट.

सावलीत सुकवणं, भट्टीत भाजणं, आणि मग चामडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीच्या हत्येवर बंदी आली, आणि ते योग्यच झालं. आता बकऱ्याचं कातडं वापरतात. भिजवलेलं कातडं रुंद तोंडावर ताणायचं, ओठाखाली दोरीने आवळायचं, आणि उन्हात ठेवायचं. यात घाई केलेली चालत नाही. उन्हात ते हळूहळू खेचलं जातं, ताठ होतं, बोटाने टिचकी मारली की बोलू लागतं. चवथीच्या पावसात तेच कातडं ढिलं पडतं. मग आरतीआधी घुमट चुलीजवळ धरून शेकवतात.

2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. गणपतीची आरती असो की गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाचं मांडो गाणं, हेच मडकं दोन्हीकडे वाजतं. आमच्या मते गोव्याची ओळख सांगायला याहून थोडक्यात काही नाही.

या कुंभारांच्या घरात चाकावर बसणारे हात कमी झाले आहेत, आणि मातीची शेतं दरवर्षी भरावाखाली जात आहेत.

(कुंभाराचे हात. चाक थांबतं. इथे निवेदन नाही.)

(संध्याकाळ. पणत्या. माटवात जमलेली मंडळी.)

दिवे लागताच आरतीची तयारी. घुमटं सहा, काठ्यांनी वाजवायचं एक शमेळ, कासाळ्यांची म्हणजे झांजांची जोडी. उजवा तळवा चामड्यावर पडतो, डावा मागच्या अरुंद तोंडाशी. तो तळवा उघडतो, मिटतो, आणि तेवढ्यावर घुमटाचा श्वास बदलतो. दुपारी चाकाशेजारी मोबाईल धरून उभी असलेली मुलं आता पुढे बसली आहेत, मांडीवर ताल धरून.

लय चढते. शमेळावरच्या काठ्या दिसेनाशा होतात.

(गर्दीच्या कडेला कुंभार. हात अजून मातीचे.)

सकाळी मातीत अंगठा रोवून पाहणारे ते कुंभार माटवाच्या खांबाला टेकून उभे आहेत. डोळे मिटलेले. वाजणारी सहाही घुमटं त्यांच्याच घरची. आरती संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग आम्ही विचारलं, कशी वाजली?

त्यांनी डावीकडून तिसऱ्या वादकाकडे बोट केलं.

“ताका आनीक दोन दीस वत जाय आशिल्लें.” (त्याला आणखी दोन दिवस ऊन हवं होतं.)

आणि ते घुमट मागून घ्यायला पुढे गेले.