फोडीवरचा पांढरा दोरा

(दृश्य : संत्रं सोलणारा हात)

संत्रं सोललं की बोटं आपोआप पुढच्या कामाला लागतात. फोडीवरचे पांढरे दोरे ओढायचे आणि सालीबरोबर टाकून द्यायचे. नातवंडांसाठी तर आजी एकेक फोड अगदी लख्ख करून देते. आज त्या टाकलेल्या दोऱ्यांकडेच नीट बघू या.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालचा रक्तप्रवाह)

दोऱ्यांची गोष्ट इथून सुरू होते. ही केशवाहिनी, म्हणजे शरीरातली सगळ्यात बारीक रक्तवाहिनी. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि ही वाट कधीकधी त्याहूनही अरुंद. त्यामुळे पेशी एकीमागे एक, अंग दुमडून पुढे सरकतात. वाहिनीची भिंत जेमतेम एका पेशीच्या जाडीची. ती कमजोर झाली की रक्त झिरपतं आणि कातडीखाली लालसर ठिपके उमटतात.

हंगेरीतलं सेगेड हे लाल मिरचीचं गाव. तिथे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी मिरचीतून क जीवनसत्त्व वेगळं काढलं. पण असे ठिपके उठणाऱ्या काही रुग्णांना शुद्ध क देऊनही गुण येईना. लिंबाच्या रसानं आणि मिरचीच्या अर्कानं मात्र आला! म्हणजे शुद्ध करताना काहीतरी मागे राहत होतं. ते फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींतली एक प्रकारची नैसर्गिक द्रव्यं, असावेत, असं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये मांडलं आणि नाव दिलं ‘व्हिटॅमिन पी’. पी म्हणजे पर्मिएबिलिटी, भिंतीतून झिरपणं. पुढे ते नाव मागे पडलं, कारण याच्याशिवाय शरीर अडतं असं काही सिद्ध झालं नाही. ते योग्यच झालं. पण शोध तिथे थांबला नाही.

संत्र्यातल्या फ्लॅव्होनॉइडचं नाव हेस्पेरिडिन. सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात आणि या दोऱ्यांत ते भरपूर असतं. आतड्यातले जिवाणू त्याची साखर तोडतात, मग ते रक्तात उतरतं. फ्रान्समध्ये २४ पुरुषांना चार आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस दिला. २०११ साली निष्कर्ष आले : खालचा रक्तदाब थोडा उतरला, बारीक रक्तवाहिन्या जास्त चांगल्या रुंदावू लागल्या. नुसतं हेस्पेरिडिन दिलं तरीही तेच दिसलं. अभ्यास छोटा आहे, त्यावर औषधं बंद करू नका. आणि मधुमेह असेल तर रसाचा पेला नको, फळच खा, तेही बेतानं.

(दृश्य : गोळ्यांचं पाकीट, जवळून)

मूळव्याधीवर, पायांच्या फुगलेल्या शिरांवर डॉक्टर लिहून देतात त्यातल्या काही गोळ्यांचं हे पाकीट. नाव वाचा : डायॉस्मिन आणि हेस्पेरिडिन.

(दृश्य : दोऱ्यांसकट फोड तोंडात टाकणारी आजी)