आतलं ऑपरेशन तेच

नमस्कार श्रोतेहो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, की घरात वाद सुरू होतो: पोट उघडून करायचं की दुर्बिणीतून? वरळी कोळीवाड्यातल्या एका मावशींनी यावर माझी जी उलटतपासणी घेतली, ती मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना ऐकवतो.

मावशींच्या आतड्यात उजवीकडे गाठ होती. मी कागदावर पोट काढलं, चार-पाच टिंबं दिली. इथे छोटी छिद्रं पाडायची, पोटात कार्बन डायऑक्साइड भरायचा, कॅमेरा घालून पडद्यावर बघत काम करायचं. मुलगा खूश! मावशींनी टिंबावर करंगळी ठेवली. “डाक्टर, एवढ्याशा भोकातून हातभर आतडं काढशील कसं? तुकडे करशील? मग घाण आत सांडंल ना?”

बघा, 1990च्या दशकात जगभरच्या सर्जनांना हीच धास्ती होती, की छिद्रांच्या वाटेत कॅन्सर रुजेल.

मी म्हटलं, “तुकडे नाही करत, मावशी. शेवटी पाच-सहा सेंटिमीटरचा काप घेतो, कडांना प्लॅस्टिक लावतो आणि आतडं अख्खं बाहेर काढतो.”

“काप घेनारच, तर मग भोकं कशाला पाडतोस?”

सगळी ओपीडी हसली. मी सांगितलं, रक्तवाहिनी मुळाशी बांधायची असते, तिथवर त्या कापातून हात पोचत नाही. मावशींनी मान हलवली. “म्हंजे आत तेवढंच कापनार. मग मासळीची पाटी कधी उचलू, ते सांग.”

नेमका प्रश्न! फरक पडतो तो इथे. दुर्बिणीत दुखणं कमी, उठणं-फिरणं लवकर. आतलं ऑपरेशन मात्र तेच. पुन्हा सांगतो, आतलं ऑपरेशन तेच.

2004 साली अमेरिकेतला 872 पेशंटांचा अभ्यास आला. तीन वर्षांत कॅन्सर परतला तो दुर्बिणीच्या गटात 16 टक्के, उघड्या ऑपरेशनच्या गटात 18 टक्के जणांत. म्हणजे जवळपास सारखंच. हॉस्पिटलातला मुक्काम दुर्बिणीच्या गटात पाच दिवस आणि उघड्याच्या गटात सहा दिवस.

आणि हो, दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं भारतातलं पहिलं ऑपरेशन डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी 1990 मध्ये केलं, ते आपल्या जे. जे.त. सरकारी रुग्णालयात, बरं का! आपल्याला मात्र लॉबीत झुंबर दिसल्याशिवाय डॉक्टर हुशार वाटत नाही.

असो. त्या अमेरिकेतल्या अभ्यासात दुर्बिणीच्या गटातल्या पाचातल्या एकाचं पोट मध्येच उघडावं लागलं होतं. असं झालं की नातेवाईक फसवल्यासारखे बघतात. अहो, गाठ शेजारच्या अवयवाला चिकटलेली असेल, तर हट्टाने दुर्बीण चालवणाऱ्यापेक्षा पोट उघडणारा सर्जन मला केव्हाही चालेल. आतडं बंद होऊन पोट फुगलं असेल, आधीच्या ऑपरेशनांनी आत सगळं चिकटलं असेल, तर बऱ्याचदा सुरुवातच उघड्याने करतात.

सर्जनला एवढंच विचारा, आतड्याच्या कॅन्सरची अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? आणि नंतर बायॉप्सीचा रिपोर्ट आला, की लसिकाग्रंथी, म्हणजे आतड्यासोबत काढलेल्या, कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या छोट्या गाठी, किती तपासल्या ते बघा. निदान 12 हव्यात, दुर्बिणीतून केलं असो की पोट उघडून.